ठोकून पाहिलेलं छत

रुपरावांनी विश्वनाथरावांचे दोन्ही पाय धरले आणि त्यांना खाटेवरून फरफटत खाली ओढलं. जेवून नुकताच डोळा लागलेले विश्वनाथराव हातावर पडले. मनगटात कट्कन काही मोडलं.

"अहो, सोडा मला. कोण आहे रे तिकडे?" ते कळवळले.

"गप राय. निंघ बाहेर," म्हणत रुपराव पुन्हा ओढू लागले.

सावनेरकडच्या कोळसा खाणीत उभं आयुष्य गेलेला हा माणूस. काम एकच, पाळी सुरू होण्याआधी काठीने छत ठोकून पाहायचं. खणखणीत वाजलं तर माणसं आत, ढब वाजलं तर बाहेर. एकदा ढब वाजलं तेव्हा त्यांनी जोडीदाराला, धोंडबाला, हाक मारली. "आलो गा," म्हणत धोंडबा फावडं घ्यायला वळला आणि वरचा थर त्याच्यावर बसला. तेव्हापासून हाका मारत बसायचं नाही, माणूस धरायचा आणि ओढायचा, हे रुपरावांच्या हाडात मुरलं होतं.

वृद्धाश्रमातली त्यांची जुनी खोली पक्क्या स्लॅबची होती. रोज सकाळी छत ठोकायचे, मग निवांत चहा प्यायचे. कोणाचं काही बिघडत नव्हतं. पण आश्रम चालवणाऱ्या मिनल मॅडमना तिथे ऑफिस थाटायचं होतं. म्हाताऱ्याला न विचारता त्यांनी त्या दुपारी त्याला ट्रंकेसकट उचलून नव्या खोलीत, विश्वनाथरावांच्या शेजारी टाकलं. खोली चकाचक, वर पीओपीचं खोटं छत. ते पोकळच वाजणार, पडणार मात्र नाही. एवढं रुपरावांना सांगायला कोणाला सवड होती?

त्यांनी काठी वर केली. ढब. चारही कोपरे ठोकले. ढबच. खाली एक माणूस घोरत पडला होता.

आरडाओरडा ऐकून वॉर्डबॉय जितेंद्र धावत आला. "बाबाजी, काहून मारून राहिले त्यायले?" म्हणत तो दार अडवून उभा राहिला. बाहेरची वाटच बंद. रुपरावांनी काठी त्याच्या तोंडावर हाणली. ओठ फाटला, तसं जितेंद्रनेही वय पाहिलं नाही. कानशिलात दिली, छातीवर गुडघा रोवला आणि चादर फाडून दोन्ही हात खाटेच्या दांडीला बांधले.

"हा माणूस आहे की जनावर?" मिनल मॅडम दारातून म्हणाल्या. "याच्या मुलाला फोन करा. आजच घेऊन जा म्हणावं."

डॉक्टर येईपर्यंत विश्वनाथरावांना पुन्हा त्यांच्याच खाटेवर निजवलं. दुखरा हात पोटाशी धरून ते भिंतीकडे तोंड करून पडले. रुपरावांच्या नाकातून रक्त येत होतं. नजर वर, छताला खिळलेली.

गाठ आवळायला जितेंद्र वाकला, तेव्हा ते हळूच म्हणाले, "मले राहू दे बांधून. त्याले तेवढं बाहेर ने गा."