गाडीचा कोंडलेला श्वास

"श्वास कोंडलाय हिचा!" बॉनेटला कान लावून, डोळे मिटून उस्ताद म्हणाला आणि त्याची करामत बघायला गॅरेजमध्ये जमलेली पंचवीस शिकलीसवरलेली माणसं पुढे सरकली. त्यात दोन इंजिनियर होते, एक दातांचा डॉक्टर होता.

भिंतीवर तीन इनटेक टांगलेले: लाल, निळा, काळा. इनटेक म्हणजे इंजिनाला हवा पुरवणारी नळी आणि तिच्या तोंडाशी शंकूसारखा फिल्टर. "मी निवडत नाही, गाडीच निवडते," उस्ताद म्हणाला. गाडीने काळा निवडला. गाड्यांना तिथे नेहमी सगळ्यात महागडाच आवडे.

ही लाल स्पोर्ट्स कार ताईच्या वडिलांची. ते गेल्यावर ती धाकट्या भावाकडे आली. ताई शीतगृहात कामाला. तारेचा थर्मामीटर कायम तिच्या पर्समध्ये.

उस्तादाने आधी गाडी दोन फेऱ्या पळवून तापवली, मग बॉनेट बंद ठेवूनच, चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर ती मोजली. एकशे एक्क्याऐंशी अश्वशक्ती. तासभर प्रवचन झालं. जुना हवेचा डबा काढून काळा इनटेक तात्पुरता अडकवला, बॉनेट उघडं टाकलं, समोर भला मोठा पंखा लावला. एकशे त्र्याण्णव! वर अशी डरकाळी, की काचा थरथरल्या. टाळ्या पडल्या.

"बाबा हवे होते गं आज," धाकटा ताईला म्हणाला.

"पक्कं बसवायचं तर हा जुना हवेचा डबा आणि आतला पत्रा कापावा लागेल," म्हणत उस्तादाने करवत उचलली. तसला डबा आता कुठेच मिळत नव्हता. बाबा दर रविवारी तो उघडून आतला फिल्टर स्वतः झटकायचे.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "थांबा! आधी बॉनेट बंद होतं. आता उघडं का?"

"लोकांना इनटेक दिसायला नको?"

"आणि पंखा?"

"ताई, ही विद्या आहे. तुम्ही आपले बटाटे थंड ठेवा."

लोक हसले. धाकटाही हसला. तेच तिला झोंबलं.

"बॉनेट लावा, पंखा बंद करा, गाडी तापवा आणि पुन्हा मोजा."

"यंत्राला त्रास होतो हो सारखा..."

"मोजा की उस्ताद, तुमचंच नाव होईल!" डॉक्टर भक्तिभावाने म्हणाला. उस्तादाचा चेहरा पडला.

ताईने थर्मामीटरची तार फिल्टरजवळ सोडून बॉनेट लावलं, गाडी तापली. चौसष्ट अंश. ताकद एकशे चौऱ्याहत्तर. मग तासभर गाडी निववून, जुना डबा बसवून, बॉनेट उघडून, पंखा लावून मोजलं. एकशे त्र्याण्णव.

"गरम हवा विरळ, थंड हवा दाट," ताई कडाडली. "दाट हवेत प्राणवायू जास्त, म्हणून ताकद जास्त. जुना डबा समोरच्या जाळीतून बाहेरची हवा घेतो. हा तुमचा शंकू इंजिनाशेजारी बसून त्याचीच धग गिळतो! वाढवलं ते पंख्याने आणि तुमच्या प्रवचनात निवलेल्या इंजिनाने. आणि डरकाळी? आवाज अडवणारा डबाच काढलात, दुसरं काय!"

"विश्वास नसेल तर गुण येत नाही," उस्ताद पुटपुटला.

"पण आवाज काय झकास होता हो!" डॉक्टर हळहळला.

"मग तोंडाने काढा!" ताई म्हणाली.

गंड्यादोऱ्यांना हसणारे आपण, यंत्रावरचा आकडा दिसला की मुकाट मुंड्या हलवतो. इथे आकडा खरा होता. लबाडी होती ती मोजताना गुपचूप काय काय बदललं त्यात. तेव्हा चमत्कार दाखवणाऱ्याला एका वेळी एकच गोष्ट बदलायला लावा आणि पुन्हा मोजायला सांगा. चिडला, तर करवतीपासून आपलं सामान लांब ठेवा.

धाकट्याने जुन्या डब्याचे चारही खटके दाबून लावले. मग खाली मानेने म्हणाला, "ताई, रविवारी झटकायला येशील?"