रिकाम्या घराचा आलेख

शनिवारी हृषिकेश बरोबर साडेचारला आला. एका हातात केकचा डबा, आणि बूट काढता काढताच पहिला प्रश्न, "तो तुझा प्रसिद्ध आलेख कुठाय?"

उत्कर्षला बरं वाटलं. दोघंही स्टुटगार्टमधल्या एकाच मोटार कंपनीत होते, हृषिकेश नोकरीत चार वर्षांनी मागे. त्याच्या नव्या घरात पुढच्या महिन्यात उत्कर्षकडे होती तशी वीज साठवणारी बॅटरी बसणार होती आणि विजेचा कोणता प्लॅन घ्यावा हे विचारायला तो आला होता. उत्कर्षलाही सोमवारपर्यंत ठरवायचं होतं. नोव्हेंबरात घेतलेला, तासातासाला दर बदलणारा प्लॅन चालू ठेवायचा, की वर्षभर एकच दर असलेला घ्यायचा. मनात ठरलेलंच होतं. वीज स्वस्त असताना बॅटरी भरायची, महाग झाली की घर बॅटरीवर चालवायचं. पक्का दर घेणारी माणसं त्याला थोडी आळशी वाटत.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर त्यानं एक छोटा दिवा ठेवला होता. दर उतरला की हिरवा, चढला की लाल. डिसेंबरच्या सुरुवातीला बायकोचे, अपूर्वाचे, आईवडील तीन महिन्यांसाठी इस्लामपूरहून आले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यानं तो त्यांना हौसेनं दाखवला होता. "लाल असला की वॉशिंग मशीन नाही, ओव्हन नाही. बाकी या घरात नियम नाहीत," असं म्हणून तो हसला होता.

सासरे, शशिकांत, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी वेळ विचारून घेतली होती. सकाळी सात ते दहा, दुपारी चार ते आठ.

"सोपं आहे मग," ते म्हणाले होते. "आम्हाला लोडशेडिंगचं वेळापत्रक पाठ असायचं."

आत्ता दिवा लाल होता. अपूर्वा कामासाठी कोलोनला गेली होती, उद्या येणार होती. सासूबाईंनी, अहिल्याबाईंनी, कपबश्या मांडल्या आणि थर्मासमधून चहा ओतला.

"काकू, थर्मास?" हृषिकेश हसला. "हॉस्पिटलात कुणाला तरी बघायला आल्यासारखं वाटतंय."

"राहतो हो त्यात गरम," त्या म्हणाल्या.

फारसा राहिला नव्हता. हृषिकेशनं दोन घोटांत संपवला. सोफ्याच्या कोपऱ्यात शशिकांत कानटोपी आणि मफलर लावून बसले होते.

"बाबांची कानटोपी विमानतळापासून डोक्यावर आहे," उत्कर्ष म्हणाला. "पासपोर्टवाल्यानं काढायला लावली तेवढीच."

सगळे हसले. शशिकांतही हसले.

मग उत्कर्षनं टॅब्लेट उघडला. "हे बघ. चार ते सात, घराचा वापर. घरात दोन माणसं वाढली आणि रेष कुठाय? एकशेऐंशी वॅट. फ्रिज, राउटर, संपलं. मागच्या हिवाळ्यात या वेळेला घराला कुलूप असायचं, तेव्हाही एवढीच होती."

हृषिकेश वाकून बघत राहिला. "आल्झो, म्हणजे, एक मिनिट. बॅटरीमुळे ग्रिडमधून घेणं कमी होईल. घराचा वापर कसा कमी होईल? शेगडी बॅटरीवर लावली तरी वीज तेवढीच खाणार ना?"

हाच प्रश्न उत्कर्षला पंधरा दिवसांपूर्वी पडला होता. ऑफिसात बसून तो त्या सपाट रेषेकडे बराच वेळ बघत होता. दोन माणसं घरात आहेत आणि घर रिकामं दिसतंय, हे चुकीचं आहे, एवढं कळण्याइतका तो इंजिनियर होता. पण तोवर आलेख इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकून झाला होता आणि एकतीस अंगठे आले होते. त्यानं कुणालाच काही विचारलं नाही.

"सेटिंग," तो म्हणाला. "सगळं सेटिंगमध्ये आहे."

गालिच्यावर चित्र रंगवत बसलेल्या वल्लरीनं मान वर केली. उत्कर्षची ही नऊ वर्षांची मुलगी मराठी सगळं समजून घ्यायची आणि उत्तर जर्मनमध्ये द्यायची. "बाय रोट सिंट विर डोख इन देअर ब्यूखराय," ती म्हणाली. लाल असला की आम्ही लायब्ररीत असतो ना. मला शाळेतून घेतात, की थेट तिकडेच. साडेसहाला घरी. आजी म्हणते, लाल असताना घरी बसलं तर पप्पांचं गणित चुकतं.

तिनं पुन्हा खडू उचलला. हृषिकेशला जर्मन उत्तम येत होतं. तो टॅब्लेटकडेच बघत राहिला. शशिकांतांना शब्द कळले नाहीत, पण रोट आणि ब्यूखराय एवढे दोन आता त्यांच्या ओळखीचे झाले होते.

"लायब्ररी फार सुंदर आहे हो इथली," ते घाईनं म्हणाले. "हिला वाचनाची गोडी लागावी म्हणून जातो. उबदार असते, खुर्च्या चांगल्या. त्याचा आणि विजेचा काय संबंध? बॅटरीची कमाल आहेच. मी रोज बघतो ना!"

खोटं त्यांना जमत नव्हतं. चाळीस वर्षं मुलांची खोटी कारणं ऐकून घेतलेला माणूस जावयाची लाज राखायला स्वतः एक कारण सांगत होता, आणि ते नीट बसत नव्हतं.

"गेनाऊ," उत्कर्ष म्हणाला. बरोबर आहे. त्याचे कान तापले होते, तरी तो तेच म्हणाला.

हृषिकेश आणखी दहा मिनिटं बसला. केकबद्दल बोलणं झालं. निघताना बूट घालायला तो वाकला. "मग हाच प्लॅन घेतो मी. तो दिवा कुठला ते पण कळव. मार्चमध्ये आईबाबा येतायत, त्यांनाही समजेल."

त्याच्या मागे पाहुण्यांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवर सोळा आकडा होता. उत्कर्षनं एकवीसवर ठेवला होता. पलंगावर दोन रजया एकावर एक घातलेल्या होत्या, आणि उशाशी दुसरा थर्मास.

"दिवा घेऊ नकोस," उत्कर्ष म्हणाला.

"का रे?"

"तो आलेख बॅटरीचा नाही. हे दोघं तीन तास घराबाहेर बसतात, आणि घरात असले की गारठ्यात बसतात. मला पंधरा दिवसांपूर्वी शंका आली होती. मी विचारलं नाही."

हृषिकेश बुटाची नाडी बांधत राहिला. एकदा बांधून झालेली त्यानं पुन्हा सोडून बांधली. "बरं," तो म्हणाला. "ग्रुपवर मी काही बोलत नाही."

"मीच लिहितो."

दार लावून उत्कर्ष वळला तर पॅसेजमध्ये शशिकांत उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "कशाला सांगितलंत त्याला?" ते हळू आवाजात म्हणाले. "बाहेरच्या माणसासमोर..."

उत्कर्ष स्वयंपाकघरात गेला आणि दिव्याचा प्लग काढला.

"अहो उत्कर्षराव, राहू द्या," अहिल्याबाई मागून आल्या. "बरं कळतं त्यानं. तुमचं काही अडत नव्हतं त्यात."

"आई, बॅटरी आहे ना घरात. लाल असला तरी चालतं सगळं. त्याचसाठी घेतलीय ती."

"हो का?" त्या म्हणाल्या. "हे सांगितलं नव्हतंत."

आवाजात तक्रार नव्हती. असती तर त्याला सोपं गेलं असतं.

त्यानं शेगडीवर दूध-पाणी ठेवलं, आलं किसलं, आणि चहा उकळेपर्यंत टॅब्लेटवर पक्क्या दराचा अर्ज उघडला. समजावून सांगितलं तरी मुलीच्या सासरी ही दोघं घड्याळ बघूनच बटण दाबणार, हे त्याला आता कळलं होतं. दर बदलताच कामा नये. अर्जात घरातील व्यक्तींचा आकडा विचारला होता. नोव्हेंबरच्या अर्जात त्यानं तीन लिहिलं होतं. तेव्हा या दोघांची तिकिटं काढून झाली होती. आता परतीच्या विमानाला एकोणीस दिवस उरले होते आणि वर्षाच्या हिशेबानं तीनच बरोबर होतं. त्यानं पाच लिहिलं आणि अर्ज पाठवला.

चहा घेऊन तो बाहेर आला. कपातून वाफ येत होती. शशिकांतांनी कप दोन्ही हातांनी धरला.

"मग आता कसं ओळखायचं?" त्यांनी विचारलं.

"काय, बाबा?"

"कधी वापरायचं ते."

"ओळखायचं नाही. कधीही वापरायचं."

कच्चं पाठ केलेलं उत्तर ऐकून घ्यावं तशी त्यांनी मान हलवली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सव्वापाच झाले होते. कानटोपी त्यांनी काढली नाही.