येतो म्हणून गेलेले

दूध संघाचा सर्व्हर दर तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमारास मान टाकायचा. मेमरी गच्च भरायची, मशीन आडवं व्हायचं, आणि संध्याकाळी तीनशे चाळीस गावांतल्या संकलन केंद्रांवर लोक भरल्या किटल्या घेऊन ताटकळत उभे राहायचे. कार्यकारी संचालक विजयसिंह यांनी जालीम उपाय केला. दुप्पट मेमरी आणून बसवली. त्यानंतर सर्व्हर दर सहाव्या दिवशी आडवा होऊ लागला, आणि ही प्रगती साहेबांनी संचालक मंडळापुढे अभिमानाने मांडली.

प्रोग्राम संघातले जुने संगणकवाले आकाराम यांचा. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी तो एकहाती लिहिलेला. ऑफिसात सगळे त्यांना आण्णा म्हणत. शुक्रवारी ते निवृत्त होणार होते आणि मानपत्रात 'बावीस वर्षांत एकही चूक नाही' अशी ओळ छापून आली होती. ती त्यांनी घरी तीनदा मोठ्याने वाचून दाखवली होती. तेव्हा दोष कुणाचा हे उघडच होतं. सहा महिन्यांपूर्वी लागलेल्या संयोगिताने केंद्रं आणि सर्व्हर यांच्यातलं बोलणं कुणाला चोरून ऐकता येऊ नये म्हणून कूटबद्ध केलं होतं, आणि त्यासाठी आण्णांच्या वहीतल्या शब्दांवरून सर्व्हरची ऐकायची बाजू नव्याने लिहिली होती. तिची नोकरी अजून कच्ची होती, आणि शुक्रवारी तिला नारळ द्यायचं साहेबांनी ठरवून टाकलं होतं.

"पूर्वी मी लायनीवर कान लावून सांगायचो, कुठलं केंद्र काय बोलतंय ते," आण्णा म्हणाले. "तू सगळ्यांच्या तोंडाला फडकं बांधलंस."

संयोगिताने मेमरीचा आलेख पुढे सरकवला. "आण्णा, केंद्रं जोडली जात्यात सकाळी सहाला. तवा फार काय वाढत न्हाई. चढतीया साडेनऊला, सगळी निघून जाताना."

"निघून जाताना जागा मोकळी हुयाची का भरायची?"

"त्येच की! त्यात एकच केंद्र गुणाचं हाय, त्येच्यापायी मेमरी वाढत न्हाई. गगनबावड्याकडचं."

आण्णांना हसू फुटलं. तिथला सचिव लालासाब रोज फोनवर भांडायचा. पावसाने लाइन अर्ध्यातच तुटते म्हणून. ते केंद्र गुणाचं? मग त्यांचं हसू हळूहळू विरलं. बाकीची केंद्रं काम संपल्यावर रीतसर निरोप घेत. लालासाबचं केंद्र तेवढं एक शब्द न बोलता तुटायचं. म्हणजे घोळ निरोपातच होता.

"निरोप आला की तू काय करतीस, दाव बघू."

तिने दाखवलं. केंद्राकडून 'येतो' असा शब्द आला, की नवा पाहुणा आला समजायचं, त्याच्यासाठी मेमरीत जागा अडवायची आणि तो बोलायची वाट बघत बसायचं. पाहुणा तर केव्हाच गेलेला असायचा.

"आगं, येतो म्हंजे जातो!" आण्णा ओरडले.

"मग जातो का लिवलं न्हाईसा?"

"जातो कोण म्हणतं व्हय तोंडानं?"

"पर तुमच्या वहीत नुसता शब्द हाय. अर्थ कुठं लिवलाय?"

आण्णांनी वही उघडली. अर्थ नव्हता. संयोगिता स्वतः रोज संध्याकाळी तिकडच्या पोरींच्या बोलीत "येतो आण्णा" म्हणूनच घरी जायची, पण मशीनलाही कुणी रीतभात शिकवून ठेवली असेल, हे बिचारीच्या ध्यानात कसं यावं? दोघांनी मिळून शब्द बदलला. 'जातो' टाइप करताना आण्णांची बोटं दोनदा अडखळली.

ते साहेबांकडे गेले. "चूक माझी हाय."

"आण्णा, मानपत्राची फ्रेम झालीय," साहेब म्हणाले. "चूक पोरीच्याच नावावर राहू दे."

शुक्रवारी आण्णांना फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. साहेबांनी ती ओळ खणखणीत आवाजात वाचली. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत संयोगिताही टाळ्या वाजवत होती. ते मात्र आण्णांना सहन झालं नाही. त्यांनी माइक ओढून घेतला.

"ही ओळ खोटी हाय," ते म्हणाले, आणि 'येतो'ची सगळी कथा त्यांनी सांगून टाकली. लोक पोट धरून हसले. हसण्याच्या त्या गदारोळात आण्णांनी विचारलं, "साहेब, मग पोरगी ऱ्हायली न्हवं?" एवढ्या लोकांसमोर साहेबांना मान हलवावी लागली.

निघताना आण्णा दारात थांबले. ओठांवर सवयीचा शब्द आला होता. तो त्यांनी गिळला. "जातो," ते म्हणाले.

"आण्णा, असं वंगाळ बोलू नगासा!" चहावाल्या चिमणाबाई कळवळल्या. "येतो म्हणा."

"न्हाय बाई. जागा अडून ऱ्हाती."

फाटकापर्यंत गेल्यावर त्यांना जेवणाचा डबा आठवला. परत आले तेव्हा त्यांच्या खुर्चीवर नवा प्रिंटर ठेवलेला होता, आणि डबा दाराबाहेर स्टुलावर होता. पाच मिनिटंही झाली नव्हती. दुरुस्ती अगदी बरोबर लागू पडली होती.