झील धरणारीचा आवाज

मित्रांनो, ट्रे बाहेर यायला दोनदा कुरकुरणारा, पाठीवर ओरखडे मिरवणारा मी एक जुना डीव्हीडी रायटर. कोण्या लांबच्या कारखान्यात जन्मलो आणि जबलपूरला, रांझीच्या दोन खोल्यांत नांदलो. तरणा होतो तेव्हा गल्लीतली लग्नं, बारशी, जयंतीच्या मिरवणुका माझ्याच पोटातून चकतीवर उतरल्या. "काय मशीन आहे!" म्हणायचे लोक. मग पेनड्राइव्ह आले, मोबाइल आले, आणि मी कपाटात गेलो. तक्रार नाही. ज्याचा त्याचा काळ असतो.

एका सकाळी दीक्षाने मला खाली काढलं. तिच्या सासूबाई, गीताबाई, उभा जन्म भीमगीतं गायल्या. आता सत्तरीतही दोन घरच्या पोळ्या लाटत होत्या, आणि गुडघे बोलत होते. वृद्ध कलावंतांचं मानधन लागलं तर लाटणं सुटणार होतं. अर्जाची शेवटची तारीख उद्याची. अर्जासोबत गायनाचा पुरावा हवा, तोही एकाच डीव्हीडीवर.

पुरावा होता. जबलपूरजवळच्या पाटणला जयंतीत गीताबाई गायल्या, तो कार्यक्रम केबलवर लागला तेव्हा दीक्षाने तो सेट-टॉप बॉक्समधून पेनड्राइव्हवर धरून ठेवला होता. पण केवढी फाईल! तीन तासांची. चित्र नीट ठेवायचं तर एका चकतीवर मावतात दोन तास. दीक्षाने आधी सगळंच दाबून बसवलं, तर गीताबाईंच्या चेहऱ्याचे चौकोन झाले. मग जाहिराती काढल्या, निवेदन काढलं. तरी अर्धा तास उरलाच. शेवटी तिला युक्ती सुचली. बरोबर दोन तास झाले.

गीताबाई बघायला बसल्या. पहिलं कडवं संपायच्या आत त्यांच्या कपाळाला आठी.

"हे काहून असं वाटून राहिलं? माझ्यामागं गाणारी यशोधरा कुठं गेली?"

"आई, मावशी वही लाइन फिर से गाते. सेमच आहे ना, म्हणून निकाल दिया."

"अच्छा! मग मी दम कधी घेते, ते सांग. इथं तर थांबूनच नाही राहिली मी. बाई आहे का पंखा?"

दीक्षा हसली. गीताबाई हसल्या नाहीत.

"मी ओळ टाकते, ती उचलते. तेवढ्यात माझा श्वास होते, पोरी. चाळीस वर्षं तिनं झील धरली. माझी दोन गाणी काढ. तिला नको काढू."

"पर आई, तुमचीच गाणी कमी केली तर अर्ज रिजेक्ट होईल ना!"

"होऊ दे. लाटणं काही पळून नाही जात."

सातांची पाच गाणी झाली. ट्रे कुरकुरला, चकती आत आली, आणि मी माझं काम केलं. माझ्या लेझरला ओळ टाकणारी कोण, उचलणारी कोण, काही कळत नाही. दोघी सारख्याच उतरल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात वेगळीच गंमत. फॉर्मवर डीव्हीडी छापलेलं, पण कॉम्प्युटरला चकती घालायला जागाच नाही!

"अब इसको कहाँ लगाऊँ, माताजी?" बाबू म्हणाले.

दीक्षाने मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं, वायर जोडली. बाबूंनी एक गाणं ऐकलं, मग दुसरं. पाचही ऐकली. गीताबाईंच्या अर्जावर शिक्का मारला आणि विचारलं, "पीछे ये कौन हैं?"

यशोधराबाई सोबतीला आल्या होत्या, दाराशी चपला सांभाळत उभ्या.

"मी? मैं तो बस पीछे से बोलती हूँ, साहब."

"पीछे से ही सही, आधा गाना तो आप गा रही हैं. आपका फॉर्म कहाँ है?"

यशोधराबाईंना फॉर्म असतो हेच ठाऊक नव्हतं. बाबूंनी एक कोरा काढून पुढे सरकवला. "आज आख़िरी दिन है. यहीं बैठकर भर दीजिए. डिस्क यही चलेगी."

मित्रांनो, मला पुसून जपा, असा माझा आग्रह नाही. जागा नेहमीच कमी पडते आणि कात्री लावावीच लागते. पण कात्री लावण्याआधी एकदा सगळं ऐकून घ्या. जे दुसऱ्यांदा येतं, ते कुणीतरी गात असतं.