बारवेची शहाबादी फरशी

उदगीर जिल्हा झाला तर आपल्याला काय मिळणार, हे गुरुपादप्पांनी अख्ख्या किल्ला गल्लीला तोंडपाठ करवलं होतं. वरच्या दोन खोल्या पर्यटकांना, खाली डाळीच्या दुकानात चहा-फराळ, बारवेच्या काठावर फोटोला माणशी दहा रुपये, शिवाय वारसा समितीचं अध्यक्षपद, जे अप्पांनी आधीच पदरात पाडून घेतलेलं. अध्यक्षपदात पैसा नव्हता, पण हार होता. आणि अप्पांची मान देवानं हारासाठीच घडवलेली.

गल्लीच्या लेखी त्या दुष्काळात वारसा एकच होता, बारवेच्या तळातला झरा. नळ वीस दिवसांनी यायचा. झरा मात्र रोज सकाळी अकरा घागरी द्यायचा. दर पाडव्याला बाया तळात उतरून गाळ उपसायच्या, कपारीत बोटं घालून त्याची वाट मोकळी करायच्या. सगळ्यांत खोल हात सरजाबाईचा जायचा, म्हणून पहिली घागर तिची.

"मंगळवारी मोठे साहेब बारव बघायला यायलेत," अप्पांनी वर्दी दिली. "तळात हा चिखल बघून काय म्हणतील? शहाबादी टाकतो."

"अप्पा, त्या चिखलातूनच पानी येतंय," सरजाबाई म्हणाली.

"मग फरशीखाली राहील की. पळून कुठं जातंय?"

"तोंड दाबल्यावर कोन थांबतंय, अप्पा? तुम्ही तरी थांबताव का?"

"पुरातत्त्वातलं तुला लई कळतंय गं!" अप्पा हसले. मागं उभी समितीही हसली. तिला नेमलंच त्यासाठी होतं.

फरशी बसली. सांध्यांत सिमेंट पातळ करून ओतलं. आता बारव स्वच्छ झाली, आणि कोरडी. कमानीचं प्रतिबिंब पडायला हवं म्हणून अप्पांनी टँकर मागवून तिच्यात ओतला. गल्लीतल्या घागरी पालथ्या पडलेल्या. पण बायांना पायरी उतरू दिली नाही.

"पर्यटकांचं पानी हाय ते."

मंगळवारी साहेब काठावरूनच वाकले. "छान. पाणी कुठून येतं?"

"झरा हाय साहेब. पुरातन."

"हाव साहेब," सरजाबाई मागून म्हणाली, "नंबरप्लेट हाय त्या झऱ्याला. गल्लीच्या तोंडाशीच उभा हाय बघा."

साहेबांनी टँकर बघितला, मग घड्याळ बघितलं, आणि चहा न घेता गेले.

पंधरा दिवसांत ते पाणी आटलं. सरजाबाईनं पहारीनं फरशी उखडली, कपारीत हात घातला. सिमेंट आत उतरून दगड झालं होतं. बोटं पेरभरही जाईनात.

जिल्हा झाला नाही. अप्पांना पडला एक टँकर आणि सोळा फरश्या. त्यातल्या नऊ न फुटता निघाल्या, त्या त्यांनी दुकानासमोर बसवल्या. अध्यक्षपदाचा हार फुकट मिळालेला. साहेबांचा चहा बुडाला. बाकी सगळं भरलं गल्लीनं, रोजच्या अकरा घागरी. पहिली सरजाबाईचीच. ती आता दीड कोसावरच्या मळ्यात जाते, परक्यांच्या रांगेत, शेवटच्या नंबराला.