कोंबाकडचं टोक

रानडुकरांनी रेवारामची रताळ्याची वाडी एका रात्रीत उकरून खाल्ली. एकच लाल रताळं मागे राहिलं, तेही बहुधा मेल्यांची पोटं भरली म्हणून. वाण रेवारामच्या आईपासूनचं, बाजारात शोधून मिळायचं नाही. दुर्पताने ते घरात आणलं, फुटक्या मडक्याच्या खापरात ओली रेती घालून निजवलं आणि खापर नवऱ्याच्या खाटेशी, चुलीच्या उबेला ठेवलं. कोंब वाढले की त्यांचे वेल लावायचे, म्हणजे पुन्हा वाडी उभी.

वाडीचं आपलं निमित्त. दिवाळीत लकवा मारल्यापासून रेवारामची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. माणूस आत शिल्लक आहे का, एवढंच तिला कळायला हवं होतं. रोज ती खापर त्याच्यापुढे धरून विचारायची, पाणी जास्त झालं का? तो आढ्याकडे बघत राहायचा. धाकटा दीर सेवकराम चहाला यायचा आणि नेमकं नको तेच बोलायचा.

"वयनी, दादाचं डोकं गेलं. काऊन भिताडाशी बोलून राहिली?"

त्या दिवशी त्याला चहा मिळाला नाही.

महाशिवरात्रीच्या सकाळी रताळ्याच्या देठाकडे जांभळे कोंब दिसले. दुर्पता आनंदाने वेडीच झाली. खापर त्याच्या डोळ्यांपुढे नेलं, पण त्याची नजर आढ्यावरून हलेना. मग त्याच्याच नावाने उपास धरून ती महादेवाला पाणी वाहायला गेली. घरात फराळाचं काही नव्हतं आणि तिला त्याची फिकीरही नव्हती. एकदा तरी ओळख दाखवू दे, इतकंच तिने देवाला सांगितलं.

परतली तर घरभर भाजल्याचा गोड वास. खापरात रताळं नव्हतं. रेती खाटेवर सांडली होती आणि चुलीतली राख उकरलेली होती.

इतके दिवस मनात दाबून ठेवलेलं सगळं दुर्पताच्या तोंडून बाहेर पडलं.

"बेणं भाजलं तुमी? सेवकराम खरंच सांगून राहिला होता. गेलंच तुमचं डोकं."

रडत रडत तिने चिमट्याने राख चाळवली. अर्धंच रताळं निघालं, शेपटाकडचं. तोडलेल्या बाजूला दातांचे ठसे होते.

तिने वर पाहिलं. रेवारामने डावी मूठ उघडली. मुठीत ओली रेती होती आणि रेतीत देठाकडचं टोक, कोंब शाबूत. रताळं देठाकडूनच फुटतं, हे तिला लग्नानंतर त्यानेच शिकवलं होतं. टोक त्याने हळूच खापरात ठेवलं, कोंब वर करून. मग भाजलेल्या तुकड्याकडे बोट केलं आणि नंतर तिच्या तोंडाकडे.

ती सालीसकट खाऊ लागली. दुसऱ्या घासाला तिला उमगलं, मघाशी ती जे बोलली, तेही त्याला कळलं होतं.