कोणती वरची वाडी?

तीन तिघाडा काम बिघाडा म्हणतात, पण आंबवळी, खांडपे आणि उंबरखोरे या तीन ग्रामपंचायतींनी ती म्हण खोटी पाडायचं मनावर घेतलं होतं. एकेकटीला जमत नव्हतं म्हणून तिघींनी मिळून पावसाळ्यापुरता एक ट्रक, आठ माणसं, दोरखंड आणि एक फोन ठेवला. दरड कुठंही सरको, फोन मधल्या उंबरखोऱ्याच्या कार्यालयात यायचा आणि ट्रक तिथूनच सुटायचा. फोनवर प्रतीक्षा बसायची. मूळची आंबवळीची, शिकलेली, शांत डोक्याची मुलगी म्हणून तिघींनीही तिच्याच नावाला होकार दिला होता.

आता तिन्ही गावांना डोंगराच्या पोटात एकेक वस्ती, आणि तिन्ही वस्त्यांचं नाव वरची वाडी. गावाच्या वर आहे ती वरची, दुसरं नाव ठेवायचं कुणाला सुचलंच नाही. बैठकीत हा घोळ निघाला, तेव्हा यादीत पहिलं नाव कुणाचं यावर तिन्ही सरपंच तासभर भांडले आणि शेवटी वाड्यांना आकडे दिले. एक, दोन, तीन. आकड्यांचा तक्ता कार्यालयाच्या भिंतीवर लागला, चहा झाला, मंडळी घरी गेली. वाड्यांना जाऊन सांगायचं तेवढं राहिलं. एवढी शहाणी माणसं आपली!

जुलैचा शेवटचा आठवडा होता आणि चार दिवस पाऊस उघडला नव्हता. दुपारी तीनला फोन वाजला.

"वरच्या वाडीतनं बोलतोय," कुणी पुरुष ओरडत होता. "मागची जमीन फाटलीया. पोरंबाळं घिऊन समदी इह..." मध्येच खरखर झाली. "...त बसलोय. लवकर या."

"कोणती वरची वाडी? एक, दोन का तीन?"

"आकडा कसला, बाई?" तो म्हणाला आणि फोन कटला.

तिनं उलटा फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, तेच. प्रतीक्षाची पाचावर धारण बसली. इहिरीत म्हणाला तो! इकडे विहिरीला इहीरच म्हणतात. आंबवळीच्या वरच्या वाडीत डोंगराला अगदी चिकटून मोठी विहीर होती आणि विहिरीपासून चौथं घर तिच्या आईचं. झुंबरबाई तिथं एकटी राहायची. उंबरखोऱ्याची वाडी तर खिडकीतून दिसत होती, तिथली माणसं सकाळीच शाळेत आणून बसवली होती. खांडप्याची वाडी प्रतीक्षाला आठवली नाही. खरं सांगायचं तर तिनं ती आठवू दिली नाही. मन चिंती ते वैरी न चिंती. चिखलासकट विहिरीत गेलेली माणसं आणि त्यांत आईचं हिरवं लुगडं तिला डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

ती पावसात धावत बाहेर गेली. "निवृत्तीभाऊ, आंबवळी! वरची वाडी! माणसं विहिरीत पडलीत!"

ड्रायव्हर निवृत्तीनं ट्रक चालूच ठेवला होता. तो गेला.

मग नियमाप्रमाणे नोंदवही उघडायची होती. आलेला निरोप शब्दाला शब्द लिहायचा, असा तिघांचा ठराव होता. लिहून मग ट्रक सोडायचा, असाही होता, पण ते तिच्याकडून उलटं झालं. ती लिहू लागली. मागची जमीन फाटली आहे. पोरंबाळं घेऊन सगळी विहिरीत बसलोय.

बसलोय?

पडलोय नव्हे, बसलोय. पोरंबाळं घेऊन विहिरीत कोण बसतं, आणि तेही चार दिवसांच्या पावसानं काठोकाठ भरलेल्या विहिरीत? तिनं तो शब्द तोंडातल्या तोंडात घोळवला. इहिरीत. इहि... इहारात.

विहारात.

खांडप्याच्या वरच्या वाडीत बौद्ध वस्ती होती आणि वस्तीतली एकच पक्की इमारत म्हणजे विहार. तिन्ही वाड्यांत दुसरा विहार नव्हता. या बुद्धपौर्णिमेला तिला तिथलं खिरीचं बोलावणं आलं होतं. येते म्हणाली होती, गेली नव्हती. आणि खांडपे बरोबर उलट्या दिशेला, अर्ध्या तासावर.

निवृत्तीचा फोन लागेना. पाच वेळा लावला. सहाव्यांदा त्यानं उचलला तेव्हा ट्रक आंबवळीच्या खिंडीत पोचला होता.

"भाऊ, फिरवा. खांडप्याला जायचंय. मी चुकीचं ऐकलं."

"नक्की का, ताई? इतनं धा मिंटांवर हाये आंबवळी. तुमची आय तितं एकली हाये."

तिला सगळं कळत होतं. दहा मिनिटांत आई ट्रकमध्ये बसली असती, आणि कुणी विचारलं तर ऐकण्यात चूक झाली म्हणता आलं असतं. तशी चूक झालीच होती की!

"फिरवा," ती म्हणाली.

नंतरचा तास तिनं आईला फोन लावण्यात घालवला. आईचा फोन लागत नव्हता. खांडप्याचाही नाही. आपण दोन्हीकडची माणसं मारली, असं तिला वाटत राहिलं. शेवटी निवृत्तीचा फोन आला.

"समदी चढली ट्रकात. पन्नासेक हाईत. इहाराची मागची भिंत आमच्या डोळ्यांदेखत आत आली, ताई. ह्यो धम्मदीप, त्यानंच फोन केलता. बोला."

धम्मदीपचा श्वास लागलेला होता. "ताई, सव्वा तास झाला फोन करून. मी इहार म्हनलो व्हतो."

"मला विहीर ऐकू आली, दादा."

"व्हय," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, त्यानंच तिला जास्त लागलं. "तुमच्या कानाला तीच वळखीची."

तेवढ्यात टेबलावरचा तिचा स्वतःचा फोन वाजला. आई होती.

"आये! कुटं हायेस? लागत का नव्हता फोन?"

"अगं घरातच हाये. आत्ता रेंज आली जरा." झुंबरबाईचा आवाज निवांत होता. "इहिरीमागं भेग पडलीया दुपारपास्नं. हातभर व्हती, आता मानूस जाईल येवढी झालीया. समदी वाट बघत्यात ट्रकाची."

"दुपारपासून? मग फोन का न्हाई केला कुणी?"

"त्यो कशाला? झुंबरबाईची पोरगी बसलीया तितं, ती काय आपल्याला इसरंल व्हय, पयला ट्रक आपलाच, असं समदी म्हनली. मगाशी खिंडीत आवाज बी आला ट्रकाचा. चिखलात अडकला असंल, पोचंलच आता."

ट्रक पन्नास माणसं घेऊन दुसऱ्या टोकाला होता. तो परत येईपर्यंत पाऊण तास नक्की.

"आये, ट्रक न्हाई येत. मीच खिंडीतनं माघारी फिरवला. आत्ताच्या आत्ता समद्यांना घिऊन चालत खाली गावच्या शाळेत जा. इहिरीच्या वाटंनं न्हाई, देवळाच्या अंगानं जा. काही घेऊ नका. ऐकतीयेस ना?"

आई रडेल, शिव्या देईल, का फिरवलास म्हणून विचारेल, कशालाही प्रतीक्षाची तयारी होती.

झुंबरबाईनं फोन चालूच ठेवला असावा. कारण मग तिची हाक ऐकू आली, दारोदार जाणारी, खणखणीत.

"उठा गं, निघा! ट्रक न्हाई येत. माझ्या पोरीनं सांगितलंया."